दिवा विझला, पण तपासणी झाली नाही

या सदरात मोटारगाडीचा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु मुलाबाळांकडे कॅलिफोर्नियात वास्तव्यास असलेल्या ज्येष्ठ वाचकांकडून आणि त्यांची काळजी घेणाऱ्या सुना-मुलींकडून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत कानी येते. ती अशी, की गाडी उत्तम चालते, धूर दिसत नाही, समोरच्या फलकावर एकही दिवा पेटलेला नाही. तरीही ‘स्मॉग चेक’ केंद्रातून गाडी परत पाठवली गेली. कागदावर शेरा एवढाच, की मॉनिटर तयार नाहीत. नोंदणीची मुदत संपत आलेली, दवाखान्याच्या फेऱ्या त्याच गाडीवर अवलंबून, आणि दुरुस्त काय करायचे हे कोणी सांगत नाही. अशा वेळी वयस्कर माणसाचा रक्तदाब वाढतो, एवढ्या कारणानेसुद्धा हा विषय वैद्याच्या कक्षेत येतो. पुढे दिसेल की तो आणखी दोन-तीन कारणांनी येतो.

प्रथम ही तपासणी आहे कशासाठी, ते पाहू. 1943 सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर असे दाट धुरके उतरले की लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्धाचे दिवस होते. काहींना हा शत्रूचा विषारी वायू वाटला. पुढे 1950च्या सुमारास पॅसाडेना येथील कॅल्टेक या संस्थेतील जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी उलगडा केला. मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या वाफांतील हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर प्रखर ऊन पडले की त्यांतून ओझोन वायू तयार होतो, आणि तोच डोळ्यांना व फुप्फुसांना जाचतो. उंच आकाशातला ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराचा दाह करतो. 1967 साली कॅलिफोर्नियाने हवेच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले, आणि 1984 साली गाड्यांची ठरावीक काळाने होणारी स्मॉग चेक तपासणी सुरू झाली.

दमा, दीर्घकालीन श्वासनलिकादाह किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना या ओझोनचा त्रास इतरांपेक्षा आधी आणि अधिक होतो. उन्हाळ्यात दुपारी आणि सायंकाळच्या प्रारंभी त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. म्हणून त्या भागात राहणाऱ्यांनी फिरायला सकाळी जावे, असे मी नेहमी सांगतो. सारांश, ही तपासणी सरकारी जाच म्हणून जन्माला आलेली नाही. तिच्या मुळाशी माणसाचा श्वास आहे.

आता तपासणी कशी होते ते पाहू. पूर्वी सर्वच गाड्यांच्या धुराच्या नळीत यंत्राची नळी घालून बाहेर पडणारा धूर मोजत. 1999 सालापर्यंतच्या जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत आजही तसेच करतात. परंतु 2000 सालच्या आणि त्यानंतरच्या बनावटीच्या पेट्रोल गाड्यांचा धूर आता तेथे मोजला जात नाही. तंत्रज्ञ डोळ्यांनी भाग तपासतो, आणि चालकाच्या गुडघ्याजवळ फलकाखाली असलेल्या सोळा टाचण्यांच्या खाचेत तार जोडून गाडीच्या संगणकालाच प्रश्न विचारतो. या अंतर्गत निदानव्यवस्थेला ‘ओबीडी’ म्हणतात. अमेरिकेत 1996 पासूनच्या गाड्यांत तिची दुसरी आवृत्ती सक्तीची आहे. आठ वर्षांपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांच्या या तपासणीतून सूट असते. त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः जुन्या गाड्यांना भेडसावतो. आणि आजी-आजोबांच्या वाट्याला घरातली जुनी गाडीच येते, हे काही केवळ आपल्याकडचेच वास्तव नव्हे.

संगणकाला विचारले जाणारे प्रश्न साधारण तीन. ‘चेक इंजिन’ दिवा पेटलेला आहे काय? स्मृतीत काही दोष नोंदलेला आहे काय? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा: तू स्वतःच्या सर्व चाचण्या पूर्ण केल्या आहेस काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले की गाडी परत पाठवतात. येथेच गैरसमजाला सुरुवात होते. ‘तयार नाही’ याचा अर्थ ‘बिघडलेली आहे’ असा नाही. आणि ‘निरोगी आहे’ असाही नाही. त्याचा अर्थ इतकाच, की अजून निदान झालेले नाही. रुग्णाने दिलेला नमुना अपुरा असेल तर प्रयोगशाळा ‘नमुना पुन्हा द्यावा’ असे लिहिते. तो अहवाल रोगाचा नसतो आणि आरोग्याचाही नसतो. हा शेरा नेमका त्याच जातीचा आहे.

मॉनिटर म्हणजे गाडीने स्वतःवर करावयाची चाचणी. त्यांपैकी तीन अखंड चालू असतात: इंजिनात ठिणगी चुकते काय, इंधन योग्य प्रमाणात मिळते काय, आणि विद्युत जोडण्या शाबूत आहेत काय. नाडी आणि श्वास यांच्याकडे परिचारिकेचे सतत लक्ष असावे, तसे हे. उरलेल्या चाचण्या मात्र विशिष्ट परिस्थिती जुळून आली तरच होतात. ताणाखालचा हृदयालेख काढायचा तर रुग्णाला पट्ट्यावर चालवावे लागते; तो खुर्चीत बसून निघत नाही. गाडीचेही तसेच आहे.

उदाहरणार्थ, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घ्या. धुराच्या मार्गातील हा भाग विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. म्हणजे तो गाडीचे यकृतच म्हणावा. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. आधीच्या सेन्सरचे माप सतत वरखाली होत असते. कन्व्हर्टर सुदृढ असेल तर नंतरच्या सेन्सरचे माप बरेचसे स्थिर राहते. दोन्ही सारखेच नाचू लागले तर कन्व्हर्टर थकला, असे संगणक ठरवतो. पण ही तुलना करायला कन्व्हर्टर पुरेसा तापलेला हवा आणि गाडी काही मिनिटे एकसमान वेगाने धावत असायला हवी. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला तशी संधी मिळतच नाही.

दुसरे उदाहरण इंधनाच्या वाफेचे. टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत निसटू नये म्हणून एक बंदिस्त यंत्रणा असते. तिला ‘इव्हॅप’ म्हणतात. तिच्यात गळती आहे काय, हे तपासण्यासाठी गाडी काही तास थंड पडलेली असावी लागते आणि टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असून चालत नाही. काही गाड्या ही चाचणी इंजिन बंद झाल्यानंतर काही तासांनी, उभ्या असतानाच करतात. याखेरीज ऑक्सिजन सेन्सरची, त्यांच्या तापकाची आणि धुराचा काही अंश पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या झडपेची अशा चाचण्या असतात. त्या कोणत्या क्रमाने व कोणत्या वेगाला होतात, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

मग पूर्ण झालेल्या चाचण्या अपूर्ण कशा होतात? कारणे मुख्यतः दोन. एक, बॅटरी काढली गेली किंवा पूर्णपणे मृत झाली. दुसरे, कोणीतरी यंत्र जोडून दोषाची नोंद पुसली. दोन्ही वेळा संगणकाची पाटी कोरी होते, दिवा विझतो, आणि त्याबरोबर झालेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. ज्येष्ठांच्या गाडीच्या बाबतीत पहिले कारण फार आढळते. गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी असते. कोणी चार महिन्यांसाठी पुण्याला किंवा नाशिकला येऊन जाते. परतल्यावर बॅटरी गेलेली असते, मुलगा नवी बसवून देतो, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी तपासणीला नेली जाते. गाडीत दोष काहीच नसतो. तिला केवळ पुरेसे धावायला मिळालेले नसते.

दुसरे कारण अधिक विचार करायला लावणारे आहे. दिवा पेटला म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी नोंद पुसून घ्यायची आणि विझलेला दिवा घेऊन केंद्रावर जायचे, ही युक्ती अनेकांना सुचते. मॉनिटरांची व्यवस्था मुळात या युक्तीलाच उत्तर म्हणून आहे. त्यापुढची पायरी म्हणजे ‘स्थायी दोषसंकेत’. 2010 आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत हा संकेत यंत्राने पुसता येत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. दोष खरोखर दूर झाला आहे, याची संगणकाला स्वतः खात्री पटली तरच तो जातो. 1 जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात या संकेतावरूनही गाडी अनुत्तीर्ण ठरते. मात्र स्मृती पुसल्यानंतर गाडी किमान 200 मैल धावली असेल आणि इंजिन थंडावून पुन्हा तापण्याची किमान 15 आवर्तने झाली असतील, तर तो विचारात घेत नाहीत. मधुमेही वाचकांना हे चटकन समजेल. तपासणीच्या आदल्या रात्री जेवण टाळले तर उपाशीपोटीची साखर बरी दिसू शकते; पण एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची हकीकत सांगते. स्थायी संकेत हा गाडीचा एचबीएवनसी होय.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, दिवा पेटलेला असेल तर आधी दुरुस्ती. दोष शिल्लक असताना कितीही फेऱ्या मारल्या तरी उपयोग नाही. दिवा स्थिर पेटला असेल तर लवकरच गॅरेज गाठावे. दिवा उघडमीट करत असेल तर ठिणगी गंभीरपणे चुकत असते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरला जाळू शकते. तेव्हा गाडी सावकाश बाजूला घेऊन मदत बोलवावी. उलटपक्षी, किल्ली फिरवल्यावर आणि इंजिन सुरू होण्यापूर्वी हा दिवा क्षणभर पेटलाच पाहिजे. तो पेटत नसेल तर तेवढ्यावरूनही गाडी नापास होते.

दुसरी गोष्ट, बॅटरी सशक्त असावी आणि दुरुस्ती व तपासणी यांच्या दरम्यान ती कोणी काढू नये.

तिसरी, टाकी पाव ते पाऊण या दरम्यान भरलेली असावी आणि तिचे झाकण कट्ट असा आवाज येईपर्यंत फिरवलेले असावे. सैल झाकणामुळेही दिवा पेटतो. सांधेदुखीने बोटांत जोर उरलेला नसेल तर झाकण घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावे.

चौथी, गाडी रात्रभर, निदान आठ तास, थंड राहू द्यावी. सकाळी उघड्या जागेत सुरू करून दोन-तीन मिनिटे तशीच चालू ठेवावी. मग दहा-पंधरा मिनिटे गावातल्या रस्त्यांवर, थांबत-निघत चालवावी. त्यानंतर महामार्गावर ताशी सुमारे 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटरच्या आसपास, एकसमान वेगाने दहा मिनिटे न्यावी. रहदारी मोकळी असेल आणि मागे वाहन नसेल तेव्हा पाय उचलून, ब्रेक न दाबता वेग आपोआप कमी होऊ द्यावा. पुन्हा गावातून घरी यावे. असे आठवडा-दोन आठवडे नेहमीच्या व्यवहारात मिसळून करावे. एका दुपारी शंभर मैल पळवण्यापेक्षा हे अधिक फलदायी ठरते, कारण काही चाचण्यांना गाडी वारंवार थंड होऊन तापणे आवश्यक असते. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर तीच प्रमाण मानावी.

पाचवी, केंद्रावर जाण्यापूर्वी स्थिती पाहून घ्यावी. त्याच सोळा टाचण्यांच्या खाचेत बसणारे छोटे वाचकयंत्र सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळते. कोणती चाचणी पूर्ण, कोणती अपूर्ण, हे ते दाखवते. एकच सावधगिरी: त्यावर नोंद पुसण्याचेही बटण असते, ते चुकूनसुद्धा दाबू नये. नाहीतर आठवड्याची मेहनत एका क्षणात वाया जाईल. यंत्राची खटपट नको असेल तर केंद्रात अधिकृत तपासणीपूर्वी अनौपचारिक पूर्वतपासणी मागता येते.

किती अपूर्णता चालते, हेही लक्षात असू द्यावे. 2000 आणि नंतरच्या पेट्रोल गाडीत केवळ इव्हॅपची चाचणी अपूर्ण असली तरी चालते; इतर सर्व पूर्ण हव्यात. 1996 ते 1999 या काळातील पेट्रोल गाडीत कोणतीही एक अपूर्ण चालते. म्हणजे इव्हॅपवर अडून बसलेल्या नव्या गाडीसाठी चिंता करण्याचे कारण नाही. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाडीला ही तपासणीच नाही. पेट्रोल आणि वीज अशा दोहोंवर चालणाऱ्या संकरित गाडीला मात्र आहे, आणि तिचे इंजिन अधूनमधूनच चालत असल्याने तिला थोडी अधिक सवड द्यावी लागते.

आता वैद्य म्हणून ज्यासाठी लेखणी हाती घेतली, त्या गोष्टीकडे येतो. महामार्गावर जायचा कंटाळा किंवा भीती असल्यामुळे काही ज्येष्ठ वेगळाच मार्ग शोधतात. रोज सकाळी गॅरेजमध्ये गाडी सुरू करून अर्धा तास तशीच ठेवतात. बॅटरी भरेल आणि मॉनिटरही तयार होतील, अशी समजूत. उभ्या गाडीत बहुतेक चाचण्या पूर्ण होत नाहीत, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू प्राणावर बेतणारी आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत, कन्व्हर्टर तापलेला नसताना, तो अधिक असतो. घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो दाराच्या फटींतून घरात शिरतो. गॅरेजचे दार उघडे ठेवले तरी भरवसा नाही.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट आवेशाने चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, गळून गेल्यासारखे वाटणे, गोंधळणे ही लक्षणे. ज्येष्ठांमध्ये ती फ्लूची, वयाची किंवा नव्या गोळीची म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. हृदयविकाराच्या रुग्णाला छातीत दुखूही शकते. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर पडल्यावर बरे वाटणे, या दोन खुणा काळजी घेणाऱ्यांनी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

आणि एक फसवणूक. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. आजोबा गरगरल्याचे सांगतात, आपण ऑक्सिमीटर लावतो, आकडा 98 येतो, आणि आपण निश्चिंत होतो. परंतु साधे ऑक्सिमीटर ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन यांत भेद करू शकत नाही. विषबाधा झालेल्या माणसाचाही आकडा उत्तम दिसतो. फलकावरचा विझलेला दिवा आणि बोटावरचा 98 हा आकडा यांत मला फार साम्य दिसते. दोन्ही खरे बोलतात, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरच नसते. अशा वेळी आकड्याकडे न पाहता सर्वांना ताबडतोब उघड्या हवेत न्यावे आणि तेथे 911 क्रमांकावर मदत बोलवावी. घराला गॅरेज जोडलेले असल्यास कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवणे कॅलिफोर्नियात कायद्यानेच आवश्यक आहे. ते आहे काय, आणि त्याचे सेल चालू आहेत काय, हे आजच पाहावे.

दुसरा मुद्दा चालकाचा. मॉनिटरांसाठी महामार्गावर जायचे, तर ते कोणी? झोपेची, सर्दीची किंवा ॲलर्जीची सुस्ती आणणारी गोळी घेतलेली असेल, रक्तदाबाची नवी गोळी सुरू होऊन उठताना अंधारी येत असेल, इन्सुलिन घेऊन साखर मध्येच उतरत असेल, मोतीबिंदूमुळे सकाळचे ऊन डोळ्यांवर येत असेल, तर त्या ज्येष्ठाने ही फेरी करू नये. मुलाने किंवा सुनेने आठवडाभर कामावर जाताना आजोबांची गाडी न्यावी. ओघाओघाने सर्व चाचण्या होऊन जातात. आजोबांना शेजारी बसवावे. ‘तुम्हाला आता जमणार नाही’ हे वाक्य उच्चारण्याची गरज पडत नाही, आणि ज्याच्या हातून गाडीची किल्ली सुटते आहे त्याच्या मनाला तेवढे तरी जपले जाते. किल्ली सोडणे हे वृद्धापकाळातील मोठ्या दुःखांपैकी एक आहे. तेथे शेजाऱ्याला हाक मारली की रिक्षा येत नाही. किल्ली गेली की देऊळ, वाचनालय आणि मित्राचे घर ही सारीच दूर जातात.

तिसरा मुद्दा घाईचा. नोंदणीची नोटीस आली की मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. स्मॉग चेकचे प्रमाणपत्र 90 दिवस ग्राह्य असते आणि ते वाहन विभागाला, म्हणजे डीएमव्हीला, संगणकावरूनच कळवले जाते. म्हणून नोटीस येताच गाडी रोज थोडी चालवायला घ्यावी. त्या नोटिशीवर ‘स्टार’ केंद्राचा उल्लेख असेल तर तशाच केंद्रात जावे, अन्यथा फेरी फुकट जाते. आणि तपासणी रखडली तरी नोंदणीचे शुल्क मुदतीत भरून टाकावे. त्यामुळे उशिराचा दंड टळतो. गाडी खरोखरच दोषी निघाली आणि खर्च आवाक्याबाहेर असेल, तर मोटारदुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या विभागाची, म्हणजे ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरची, उत्पन्नानुसार साह्य देणारी योजना आहे. त्यात दुरुस्तीला मदत मिळते किंवा जुनी गाडी मोडीत काढण्यासाठी मोबदला मिळतो. निवृत्त माणसाने तिची चौकशी करण्यात संकोच मानू नये.

महाराष्ट्रातील वाचक म्हणतील, आमचे काय? आपल्याकडील पीयूसी तपासणीची पद्धत निराळी आहे. पेट्रोल गाडी उभी ठेवून धुराच्या नळीत नळी घालतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनांचे प्रमाण मोजतात. डिझेल गाडीच्या धुराची काळपट घनता पाहतात. तेथे मॉनिटरांची अडचण येत नाही. परंतु आपल्याही नव्या गाड्यांत तोच संगणक आणि तोच पिवळा दिवा आहे. पीयूसीचा कागद खिशात आहे म्हणून पेटलेल्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये, आणि बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून बसू नये. कार्बन मोनॉक्साइडला देशाची सीमा ठाऊक नाही.

या साऱ्यातून घरच्या आरोग्यासाठी घ्यावयाचा धडा एकच आहे. चाचणी ही नेहमीच्या जगण्याची व्हावी, चाचणीसाठी उभ्या केलेल्या देखाव्याची नव्हे. लघवीत जंतुसंसर्गाची शंका असेल तर कल्चरचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी द्यावा. गोळीने जंतू दडले की अहवाल स्वच्छ येतो आणि रोग आत राहतो. जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूंची श्वासचाचणी असेल तर आम्लपित्ताच्या काही गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे. याउलट, रक्तदाब ‘खरा’ किती आहे हे पाहण्यासाठी गोळी परस्पर बंद करून येणारे रुग्ण भेटतात. तसे मुळीच करू नये. दवाखान्यातील एका मोजणीपेक्षा घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून केलेल्या नोंदी मला अधिक उपयोगी पडतात. आठवडाभर नेहमीसारखी चालवलेली गाडी तंत्रज्ञाला जे सांगते, तेच त्या वहीतील चौदा आकडे डॉक्टरला सांगतात.

तेव्हा, वाचकहो, परत आलेल्या गाडीवर रागावू नका आणि तंत्रज्ञावरही नको. झाकण घट्ट लावा, बॅटरीला हात लावू नका, आणि आठवडाभर ती धडधाकट माणसाच्या हाती द्या. ज्येष्ठांना आणायचे-न्यायचे असेल ते याच आठवड्यात उरकून घ्या: दाताचे डॉक्टर, जुने स्नेही, थोडे लांबचे देऊळ. गाडीच्या चाचण्या पूर्ण होतील, आणि महिनोन्महिने घराबाहेर न पडलेल्या माणसालाही चार दिवस मोकळी हवा मिळेल. दुसरे औषध मी कोणत्याही गोळीआधी लिहून देईन.